आलेखातला धक्का

लातुरात बिराजदार सरांचा तास सुरू झाला की खाली रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू यायचं. तीनशे पोरांचा हॉल, वर पत्रे, पंख्यांची घरघर, तरी शरणप्पा बिराजदार कधी माइक हातात घ्यायचा नाही. त्याचा भागीदार रेणुकादास उमरीकर केमिस्ट्री शिकवायचा. त्यानं दोनदा चांगला माइक आणून दिला. दोन्ही वेळा तो कपाटात पडून राहिला.

"माइक लावला की पोरगं माझ्याकडं बघत नाही, खोक्याकडं बघतं," असं शरणप्पा सांगायचा. खरं म्हणजे त्याला आपल्या आवाजाचा ताठा होता. आणि तो ताठा का होता, हे लातुरात फक्त त्याच्या अव्वाला, म्हणजे आईला, साखराबाईला, ठाऊक होतं.

औसा तालुक्यात तेरणेच्या काठी त्यांचं गाव होतं. आता त्या जागी गाव नाही, बाभळी आहेत. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटेच्या आत जमीन हलली. शरण्या तेव्हा बारा वर्षांचा. साखराबाई गोठ्यात व्यायला झालेल्या गाईपाशी बसली होती म्हणून वाचली. आत नवरा चंद्रप्पा, शरण्या आणि धाकटी अंबू, तिघांवर माळवदाचं मातीचं छत आलं. एक तुळई तिरकी अडकली आणि तिच्याखाली शरण्यापुरती जागा राहिली. अंबूचा आवाज पहिल्यापासूनच नव्हता. बापाचा मात्र पलीकडून यायचा.

"ओरड, शरण्या. थांबू नगंस. माझ्याच्यानं व्हयना, तू ओरड."

तो ओरडला. अव्वाला हाका मारल्या, मामाला मारल्या, देवाला मारल्या. हाका संपल्या तेव्हा काय ओरडावं हे कळेना, म्हणून पाढे म्हणायला लागला. पाढ्यांना विचार करावा लागत नाही. बाराचा, तेराचा, पुढं पुढं. कुठं चुकला की मातीच्या पलीकडून चंद्रप्पा दुरुस्त करायचा. शेतकरी माणूस, पण पाढे पक्के होते त्याचे. मग बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. शरण्यानं एकोणीसच्या पाढ्यात मुद्दाम चूक केली. एकोणीस चोक बहात्तर, असं म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. पलीकडून कोणी "शहात्तर" म्हटलं नाही.

दुपारी शेजारच्या गुरुपादप्पानं तो आवाज धरून माती उकरली आणि त्याला बाहेर काढलं. "पोरगं वरडत हुतं म्हणून घावलं," हे गुरुपादप्पा मरेपर्यंत सांगत राहिला. शरणप्पानं स्वतः ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही. पण वर्गात उभा राहिला की तो शेवटच्या बाकावरच्या पोरापर्यंत आवाज पोचवल्याशिवाय राहायचा नाही, आणि यंत्राची मदत घ्यायचा नाही.

भूकंपानंतर अव्वा काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग पुनर्वसनाच्या गावातल्या सिमेंटच्या घरात. सगळी घरं सारखीच. पहिलं वर्षभर तिला आपलं दार ओळखू यायचं नाही, शेजारच्याच घरात शिरायची. पोरगा लातूरच्या वसतिगृहात शिकला, नांदेडच्या विद्यापीठात फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाला. तिथंच त्याला रेणुकादास भेटला. नांदेडच्या मास्तरांच्या घरातला, शांत, टापटिपीचा मुलगा. दोघांनी मिळून लातुरात क्लास काढला. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघत होत्या. मराठवाडाभरातून पोरं यायची. पार हिमायतनगर, भोकरकडची सुद्धा. खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, चौकाचौकात सरांचे फोटो. उद्योग भवनाच्या मागच्या रस्त्यावर बिराजदार-उमरीकरांचाही फोटो लागला. शरणप्पानं अव्वाला लातुरात आणलं. मुरुडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या महानंदाशी त्याचं लग्न झालं.

क्लासच्या नोट्समधली चित्रं शरणप्पा स्वतः काढायचा. दुसऱ्याच्या पुस्तकातली आकृती चिकटवणं त्याला पटत नसे. विद्यापीठात थोडं प्रोग्रामिंग शिकलेला होता, त्यावर त्यानं आलेख काढणारी एक लायब्ररी वापरायला घेतली. ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. आकडे द्यायचे आणि रेघ कशी हवी ते सांगायचं, की ती नीट आलेख काढून देते, असा तो प्रोग्राम. तो कोणा एका कंपनीचा नव्हता. जगभरातली माणसं आपापल्या सवडीनं तो चालवत होती. कोणीही आत डोकावून बघावं, काही बिघडलं असेल तर कळवावं, जमलं तर दुरुस्त करून पाठवावं. शरणप्पा तो नुसता वापरायचा. आत डोकवायला त्याला सवड कुठं होती?

मग आवाज बसला.

पहिल्यांदा कोणीच मनावर घेतलं नाही. दिवसाचे सहा-सहा तास बोलणारा माणूस, घसा बसणारच. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. "परीक्षा होऊ द्या, मग दाखवू," असं तो म्हणत राहिला. पोरांची एक परीक्षा झाली की दुसरी यायची. शेवटी महानंदानं शाळेतून रजा काढली आणि त्याला हाताला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं नळी घालून आत बघितलं. त्यानं हैदराबादला जायला सांगितलं.

हैदराबादच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. गाठ वाढली आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्यात छिद्र राहील. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो रेणुकादासशी फोनवर बोलत होता. घोगऱ्या आवाजात. रोटेशनचा धडा कोणी घ्यायचा, सराव परीक्षेची तारीख पुढं ढकलायची का, असलंच काहीतरी. अव्वा कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला वाटत होतं, आपल्याशी बोलेल. त्यालाही वाटत असणार, पण काय बोलावं हे दोघांनाही सुचलं नाही. सकाळी न्यायला आले तेव्हा तो वॉर्डातल्या माणसाला म्हणाला, "पंखा जरा कमी करा, म्हातारीला थंडी वाजते." महानंदानं पुढं कितीतरी वेळा आठवून बघितलं. शेवटचं वाक्य तेच होतं.

लातुरात परतल्यावर रेणुकादास म्हणाला, "बिराजदार सर, क्लास तुमचा आहे. तुम्ही पेपर काढा, नोट्स करा. तुमची खुर्ची हलणार नाही." माणूस शब्दाला पक्का होता. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र असतं, त्यातून खरखरीत, एकाच सुरातला आवाज निघतो. ते त्यानंच मागवलं. आणि नांदेडला नुकती शाखा काढली होती, तिथं पहिला तास ठेवला. त्यामागं त्याचा विचार होता. नांदेडच्या पोरांनी जुना आवाज ऐकलेला नाही. तुलना करायला त्यांच्याकडं काही नाही.

शरणप्पा गळ्याला पांढरी पट्टी बांधून उभा राहिला, यंत्र लावलं आणि न्यूटनचा दुसरा नियम शिकवला. पोरं एकदम गप्प. कोणी हसलं नाही, कोणी चुळबुळ केली नाही. प्रश्नही कोणी विचारला नाही. तास संपवून तो जिन्यावरून उतरत होता तेव्हा खालच्या वळणावर एक पोरगा मित्राला त्या यंत्राच्या आवाजात न्यूटनचा नियम म्हणून दाखवत होता. त्यात वाईट काही नव्हतं. पोरं सगळ्याच सरांच्या नकला करतात. लातुरात त्याच्याही करायची आणि तो स्वतः हसायचा. पण तो तिथंच थांबला, पोरं निघून जाईपर्यंत. मग बस स्टँडवर आला आणि लातूरची गाडी धरली. ते यंत्र त्यानं परत कधी गळ्याला लावलं नाही.

घरी त्यानं पाटी घेतली. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. महानंदाशी ते जमायचं. पण महानंदा सकाळी मुरुडच्या गाडीला जायची ती संध्याकाळी परत यायची, आणि साखराबाईला वाचता येत नव्हतं. दिवसभर घरात मायलेक दोघंच. ती बोलायची, तो ऐकायचा. त्याचं काही तिच्यापर्यंत पोचायचं नाही. काही दिवसांनी त्यांनी एक रीत बसवली. त्यानं खाटेच्या लाकडावर एकदा ठोकलं की हाव, दोनदा ठोकलं की न्हाई.

"जेवतूस का रं?" एक ठोका.

"डोकं दुखतंय का?" दोन ठोके.

"मग असा का बसलास?" याला ठोका नव्हता.

एक दिवस तो आतल्या खोलीत होता आणि बाहेरून त्याचाच आवाज आला. खणखणीत, जुना. तो उठून आला. अव्वा ताटात डाळ निवडत बसली होती आणि शेजारी महानंदाचा जुना मोबाइल ठेवलेला. त्यावर क्लासमधलं त्याचं एक जुनं व्याख्यान लागलेलं. फिरत्या चाकाची ऊर्जा. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यानं मोबाइल उचलला, बंद केला आणि फडताळावर वर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा.

साखराबाईनं ताट जवळ ओढलं. डाळ निवडत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "तू गेलास असं समजून न्हाई लावलं, बाबा. मला निसतं ऐकावं वाटलं."

तो आत गेला. संध्याकाळी महानंदा आली तेव्हा मोबाइल परत अव्वाच्या उशाशी होता.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस रेणुकादास घरी आला. हातात सराव परीक्षेचा पेपर. खुर्चीत बसला, घाम पुसला आणि पेपर पुढं सरकवला.

"सर, सदतिसावा प्रश्न बघा. चेंडू भिंतीवर आपटून परत येतो. वेळ आणि बल यांचा आलेख दिलाय, भिंतीचा धक्का किती बसला ते काढायचंय. पोरं म्हणतात, आलेखात धक्काच नाही."

शरणप्पानं बघितलं. खरंच नव्हता. चेंडू आपटतो त्या क्षणी रेघ एकदम वर जाऊन खाली यायला हवी होती. छापलेल्या कागदावर ती सरळ, आडवी, सपाट गेलेली. त्यानं संगणक उघडला. पडद्यावर धक्का दिसत होता, सुईसारखा उभा. छापायची फाइल केली की नाहीसा.

"तुमची काही चूक झाली असेल असं मला वाटत नाही," रेणुकादास चाचरत म्हणाला. "पण त्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांना द्यावे लागतील."

त्यानं पाटीवर लिहिलं, "द्या. मी बघतो."

आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याला एखाद्या गोष्टीचा पिच्छा पुरवावासा वाटला. त्यानं आकडे तपासले; बरोबर होते. आलेखाचा आकार बदलून बघितला. मोठा ठेवला की धक्का दिसायचा, नोट्सच्या रकान्यात बसेल एवढा लहान केला की जायचा. म्हणजे चूक त्याच्या आकड्यांत नव्हती, लायब्ररीच्या आत होती. इतकी वर्षं वापरलेली ती वस्तू त्यानं पहिल्यांदा उघडली.

आतलं लिखाण त्याला येणाऱ्या प्रोग्रामिंगपेक्षा अवघड भाषेत होतं. ती शिकण्यात पावसाळा गेला. हळूहळू उमगलं ते असं. हजारो बिंदूंची रेघ काढायला वेळ लागतो, म्हणून लायब्ररी वाटेतले बिंदू गाळते. एका सरळ रेघेत आलेले बिंदू काढायची गरज नसते, दोन टोकं पुरतात. पण रेघ एका क्षणात वर जाऊन त्याच वाटेनं खाली आली, आणि चित्र लहान असलं, तर आतला हिशेब असा व्हायचा की ही निघाली तिथंच परत आली, म्हणजे कुठं गेलीच नाही. मग वरचा बिंदू गाळला जायचा.

त्यानं इंग्रजीत सगळं लिहून लायब्ररीच्या चालकांना कळवलं. अशी तक्रार कोणीही मांडू शकतं, जगभरात कोणालाही ती दिसते. दोन दिवसांत उत्तर आलं. चालकांपैकी इंग्रिड नावाची नॉर्वेतली बाई होती, समुद्राच्या लाटांचा अभ्यास करणारी. तिनं लिहिलं होतं, तुमचं उदाहरण चालवून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच होतंय, हा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, गंभीर आहे. दुरुस्ती पाठवाल का?

त्यानं पाठवली. एकही बिंदू गाळायचा नाही, अशी. ती नाकारली गेली. इंग्रिडनं सौम्यपणे कारण दिलं. अशानं सगळ्यांचेच आलेख मंदावतील, फायली फुगतील. शरणप्पाला राग आला. त्यानं लांबलचक उत्तर लिहिलं, कडक शब्दांत, वर्गात उशिरा येणाऱ्या पोराला बोलावं तसं. पाठवण्याआधी पुन्हा वाचलं आणि पुसून टाकलं. तोंडानं बोलला असता तर परत घेता आलं नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला जरा नवल वाटलं.

दुसरी दुरुस्ती करायला वेळ लागला. आता तो बिंदू गाळू देत होता, पण गाळण्याआधी त्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा लक्षात ठेवायचा आणि ते दोन रेघेत राखायचे. धक्का टिकला, वेगही फारसा घटला नाही. सोबत त्यानं एक छोटी चाचणी लिहिली: एक सपाट रेघ, तिच्यात एकच धक्का, तो दिसला नाही तर चाचणी नापास. पुढं कोणीही काही बदललं तरी ही चाचणी आपोआप चालून बघितली जाणार होती.

ह्यावर मात्र मतं फुटली. ब्राझीलचा एक प्राध्यापक म्हणाला, ह्यानं लोकांची जुनी चित्रं थोडी थोडी बदलतील, छापलेल्या शोधनिबंधांशी जुळणार नाहीत. दुसरा म्हणाला, चुकीचं चित्र जुळवून काय करायचं? लिहून लिहून प्रश्न सुटेना तेव्हा इंग्रिडनं सुचवलं की दर आठवड्याच्या बैठकीत यावर बोलू, शरणप्पानंही यावं. बैठक व्हिडिओवर असायची, लातुरात दिवेलागणीच्या सुमारास.

त्याच्या आवाजाचं तिथं कोणालाच माहीत नव्हतं. तिथं तो भरपूर बोलणारा, थोडा हट्टी, नेटकं लिहिणारा माणूस होता. त्या घोळक्यात आपण पूर्वीसारखेच आहोत असं त्याला इतके महिने वाटत आलं होतं. त्यानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. महानंदानं विचारलं, "अहो, काय झालंय?" तेव्हा त्यानं पाटीवर सगळं लिहिलं.

तिनं वाचलं. "मग सांगा की त्यांना. चोरी केली का आपण?"

त्यानं इंग्रिडला लिहिलं. आजारपणात माझा आवाज गेला आहे. मी ऐकू शकतो, बोलू शकत नाही. तुम्ही बोला, मी लिहीन. पण मी लिहून होईपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असतं, तेव्हा माझ्या वतीनं तुम्हीच मांडा, हे बरं.

तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. मी मांडणार नाही, काम तुमचं आहे. तुम्ही या.

त्या संध्याकाळी तो संगणकापुढं बसला. गळ्याची पट्टी बदलली, सदरा बदलला. पडद्यावर एकेक चौकट उघडत गेली, सात-आठ चेहरे. कोणाच्या मागं पुस्तकं, कोणाच्या मागं खिडकीत बर्फ. मग इंग्रिडनं लिहिलेली ओळ सगळ्यांच्या पडद्यावर आली. आजची बैठक लेखी आहे. सगळ्यांनी आपापले माइक बंद ठेवावेत, म्हणजे सगळ्यांना सारखाच वेळ लागेल.

एकेक माइक बंद झाला. मग सगळे लिहायला लागले. शरणप्पानं आपलं म्हणणं मांडलं. ब्राझीलच्या प्राध्यापकानं शंका लिहिली, शरणप्पा उत्तर लिहीपर्यंत तो दाढी खाजवत थांबून राहिला. कोणी घाई केली नाही. कोणी दुसऱ्याचं वाक्य तोडलं नाही. तोडता येण्यासारखंच नव्हतं.

साखराबाई चहाचा कप घेऊन आली आणि मागं उभी राहिली. बराच वेळ बघत होती. एवढी माणसं, गोरी, काळी, म्हातारी, तरणी, सगळी तोंड मिटून खाली बघतायत, हात हलवतायत, आणि कोणाच्याच तोंडातून शब्द नाही. तिनं कप ठेवला आणि हळूच विचारलं,

"ह्या समद्यांचंच तुझ्यावानी झालंय का रं?"

त्यानं मेजावर दोनदा ठोकलं.

"न्हाई? मग बोलंनात का?"

याला ठोक्यात उत्तर देता येईना. त्यानं तिच्याकडं वळून आपल्या छातीवर बोट ठेवलं.

तिनं पडद्याकडं बघितलं. "तुझ्यासाठी गप बसलेत?"

एक ठोका.

साखराबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला, त्याची खुर्ची धरून पुढं आली आणि पडद्यावरच्या त्या माणसांना दोन्ही हात जोडले. सगळ्यांनी मान वर केली. ब्राझीलचा प्राध्यापक आधी गोंधळला, मग त्यानंही हात जोडले, जरा वेडेवाकडे. मग ती शेजारी स्टुलावर बसली आणि बैठक संपेपर्यंत उठली नाही. चहा थंड झाला. हैदराबादहून आल्यापासून शरणप्पा कधी रडला नव्हता. त्या दिवशी पडदा बंद केल्यावर तो रडला. गळ्याच्या छिद्रातून नुसता वाऱ्यासारखा आवाज येत होता, आणि अव्वा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

पुढच्या बैठकीला त्यानं आधीच लिहिलं, तुम्ही बोला, मला ऐकायला आवडतं. फक्त माझ्या मुद्द्याला थोडं थांबा. तसंच ठरलं आणि तसंच चालू राहिलं. दुरुस्ती आणखी थोडी खटपट होऊन स्वीकारली गेली. ज्यांना जुनीच चित्रं हवीत त्यांच्यासाठी जुनी रीतही ठेवली गेली, म्हणजे ब्राझीलच्या प्राध्यापकाचंही समाधान झालं.

शरणप्पानं मग लायब्ररी सोडली नाही. सकाळी क्लासचे पेपर, दुपारी बग. कुठं अक्षांवरचे आकडे एकावर एक चढायचे, कुठं तारखा चुकायच्या, कुठं नव्या माणसाची तक्रार असायची आणि निम्मी चूक त्याची स्वतःचीच निघायची. अशांना शरणप्पा धीरानं लिहायचा. इंग्रिड एकदा म्हणाली, तुम्ही नवख्यांना फार छान समजावता, कुठं शिकलात? त्यानं लिहिलं, मी शिक्षक आहे. "होतो" असं आधी लिहिलं होतं, ते बदललं.

दोन वर्षांनी साखराबाई तापाच्या साथीत गेली. दवाखान्यात कोणाला जवळ जाऊ देत नव्हते. दाराच्या काचेवर शरणप्पानं बोटानं एकदा ठोकलं. ती जागी होती की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तिची माती पुनर्वसनाच्या गावात झाली. जाताना तिच्या डोळ्यांपुढं जुनं गाव आलं असेल का, असं महानंदानं विचारलं तेव्हा त्यानं पाटीवर बोटानं एकदा ठोकलं. कितीतरी आठवडे तो संगणकाकडं फिरकला नाही. रेणुकादास नांदेडहून येऊन त्याच्याजवळ बसून जायचा. दोघं चहा प्यायचे. आता शरणप्पाकडून उत्तराची वाट न बघता गप्पा मारायला रेणुकादास शिकला होता.

पुन्हा कामाला लागल्यावर त्याला लायब्ररीत इतरांच्या दुरुस्त्या स्वीकारायचा अधिकार मिळाला. त्यानंतर काही महिन्यांनी केनियातल्या एका मुलीनं रेघा काढण्याचा तो सगळा भाग नव्यानं लिहून पाठवला. शरणप्पानं तीन दिवस तो तपासला. तिची रीत जास्त वेगवान होती, सुटसुटीत होती, आणि त्यानं पावसाळाभर बसून लिहिलेल्या ओळी तिनं सगळ्याच्या सगळ्या काढून टाकल्या होत्या. चूक एकच निघाली, ती त्यानं कळवली, तिनं सुधारली. सगळ्या चाचण्या पास झाल्या, त्यानं लिहिलेली धक्क्याची चाचणीसुद्धा.

रविवार होता. महानंदा शेजारी शेंगा फोडत बसली होती. त्यानं तिला पाटीवर लिहून सांगितलं.

"म्हणजे तुमचं लिहिलेलं सगळं जाणार?" ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली.

"आणि ते तुम्हीच काढायचं?"

त्यानं पुन्हा मान डोलावली. मग पाटी पुसून लिहिलं, "तिचं चांगलं आहे."

महानंदानं हातातली टरफलं झटकली. मग तिनं सोललेल्या शेंगदाण्यांची वाटी त्याच्याकडं सरकवली. त्यानं दोन दाणे तोंडात टाकले, पडद्याकडं वळला आणि स्वीकारायचं बटण दाबलं. मग त्या मुलीला लिहायला घेतलं: काम उत्तम झालं आहे, रेघा जिथं तुटतात तिथला एक जुना बग अजून पडून आहे, सवड असेल तर तो बघाल का?